भरपाईचे पैसे खात्यावर आले: पहिल्या सहा महिन्यांत काय करावे, काय टाळावे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत एकरकमी मोठा पैसा येतो तो बहुतेक वेळा जमीन गेल्यामुळे. कधी महामार्गासाठी, कधी बायपाससाठी, कधी रेल्वेसाठी किंवा औद्योगिक वसाहतीसाठी. निवृत्तीची ग्रॅच्युइटी, विम्याची रक्कम किंवा वडिलोपार्जित घराचा वाटा मिळाला तरी पुढचे बरेचसे लागू पडते. पण भरपाईचा पैसा हा नफा नव्हे. दरवर्षी भात किंवा ऊस देणारी जमीन गेली आणि तिच्या जागी हा आकडा आला. त्यामुळे जमीन घराला जे देत होती ते देत राहणे, हे या पैशाचे पहिले काम. घर, गाडी, लग्न, यात्रा यांचा विचार त्यानंतर.

उचलण्याआधी निवाडा वाचा

नोटीस आणि निवाडा (भरपाई ठरवणारा सरकारी आदेश) कन्नडमध्ये येतो. बोलण्यापुरते कन्नड येणे आणि सरकारी कन्नड समजणे यात फरक आहे. आकडा बघून सही करू नका. निवाड्याची प्रमाणित प्रत घ्या आणि वकिलाकडून किंवा कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाकडून रकाना रकाना समजून घ्या. जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने गेली असेल तर त्यात पुढच्या गोष्टी दिसायला हव्यात: जमिनीची बाजारभावाने किंमत, ग्रामीण भागासाठी १ ते २ पट गुणक, झाडे, विहीर, बोअर, पाइपलाइन आणि बांधकाम यांची किंमत, या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, आणि बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (किंवा ताबा आधी घेतला असेल तर ताब्यापर्यंत) वर्षाला १२ टक्के. झाडे आणि बोअर बऱ्याचदा सुटतात, कारण पंचनाम्याच्या दिवशी शेतात घरचे कोणी नसते.

रक्कम कमी वाटत असेल तर ती नाकारायची गरज नाही. पैसे उचला, पण पावतीवर आणि अर्जात ‘हरकत राखून स्वीकारले’ असे लिहा. २०१३ च्या कायद्यात ही हरकत नोंदवली नसेल तर वाढीव भरपाईसाठी पुढे दाद मागता येत नाही. मुदतही आखडती आहे. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असेल तर ६ आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतले जे आधी संपेल ते. संमतीपत्रावर सही करून ठरावीक दर मान्य केला असेल तर हा मार्ग जवळजवळ बंद होतो, म्हणून संमतीची सही सगळ्यात शेवटी. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात रकमेचा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जातो. आपली जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली, हे नोटिशीच्या पहिल्या पानावरच असते. ते आधी शोधा, कारण करसुद्धा त्यावरच ठरतो.

‘साहेबांकडून लवकर काढून देतो, शेकडा इतके द्या’ म्हणणारे याच वेळी दारात येतात. त्यांच्या हाती कोरे सही केलेले चेक द्यायचे नाहीत. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना ती मिळते.

बहिणींचा वाटा

सर्वाधिक रकमा इथेच अडकतात. उताऱ्यावर भावांचीच नावे असली तरी वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी हे स्पष्ट केले आहे. २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासून धरला जातो. कर्नाटकात तर अविवाहित मुलींना हा हक्क १९९४ पासूनच होता. एका बहिणीने हरकत घेतली की अधिकारी रक्कम थांबवतात, वाटणीचा वाद न्यायासनापुढे (भूसंपादनाचे वाद चालवणाऱ्या प्राधिकरणापुढे) जातो आणि पुढची वर्षे तारखांत जातात. तेवढ्या काळात सगळ्यांचेच नुकसान होते, बहिणीचेही.

म्हणून पैसे यायच्या आधी नाडकचेरीतून (गावाजवळच्या महसूल कार्यालयातून) वंशावळ काढा, सगळ्या वारसांना एकत्र बसवा आणि कोणाच्या खात्यावर किती हे कागदावर ठरवा. शक्य असेल तर प्रत्येकाचा वाटा थेट त्याच्या खात्यावर जमा करायला सांगा. सगळी रक्कम थोरल्याच्या खात्यावर घेऊन ‘नंतर बघू’ म्हटले की ते नंतर कधी येत नाही. एखादी बहीण खरोखर मनापासून हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा. साध्या बॉण्डवरची सही कोर्टात टिकत नाही.

कर किती?

२०१३ च्या कायद्याखालच्या भरपाईवर आयकर नाही. करखात्याने २०१६ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. खऱ्या अर्थाने ग्रामीण असलेल्या शेतजमिनीवर तसाही भांडवली नफ्याचा कर लागत नाही. बेळगावसारख्या १ ते १० लाख लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन यात येते, १० हजार ते १ लाख वस्तीच्या गावासाठी हे अंतर २ किलोमीटर. जमीन औद्योगिक वसाहतीच्या वेगळ्या कायद्याने गेली असेल किंवा तुम्ही स्वतः खासगी विकली असेल तर मात्र पैसे खर्चायच्या आधी चार्टर्ड अकाउंटंटला कागद दाखवा. तिथे कर लागू शकतो आणि दुसरी शेतजमीन २ वर्षांत घेऊन तो वाचवताही येतो.

दोन गोष्टी हमखास विसरतात. उशिरा मिळालेल्या भरपाईवरचे व्याज हे उत्पन्न धरले जाते. ते मिळाले त्या वर्षी दाखवायचे असते आणि त्यातली निम्मी रक्कम वजा मिळते. आणि भरपाई करमुक्त असली तरी ती बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याज करमुक्त नाही, ते शेतीचे उत्पन्नही नाही. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण उत्पन्न ४ लाखांवर गेले तर विवरणपत्र भरावेच लागते. बँकेत पॅन द्या, नाहीतर व्याजातून २० टक्के कापले जातात.

पैसा ठेवायचा कुठे

सावकाराचे कर्ज फेडणे सोडले तर पहिले तीन महिने काहीच ठरवू नका. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात ठेवा आणि घरात सांगून टाका की या काळात कोणालाही हो म्हणायचे नाही. ९० दिवसांची मुदत ठेव त्यासाठी पुरेशी आहे. व्याज थोडे कमी मिळते, पण घाईत घेतलेल्या एका निर्णयाचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.

आपल्या भागात गल्लोगल्ली सौहार्द सहकारी, पतसंस्था, मल्टीस्टेट सोसायट्या आहेत. माणसे ओळखीची, मराठी बोलणारी, व्याज एक-दोन टक्के जास्त, कागदपत्रांचा त्रास कमी. अनेक संस्था वर्षानुवर्षे चोख चालल्या आहेत. पण एक फरक समजून घ्या. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत देते. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे, आणि रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध घातले तर ९० दिवसांत ही रक्कम मिळायची तरतूद २०२१ पासून आहे. सौहार्द, पतसंस्था आणि सोसायटीला हा विमा नाही. तिथे संस्था अडचणीत आली की ठेवीदाराला प्रशासक, लिक्विडेटर आणि कोर्ट एवढाच रस्ता उरतो. नावात ‘सहकारी’ असणे पुरेसे नाही. ठेव विम्याचा फलक शाखेत लावलेला आहे का ते बघा आणि नसेल तर विचारा.

ही ५ लाखांची मर्यादा एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून आहे. शहापूरच्या शाखेत ५ आणि टिळकवाडीच्या शाखेत ५ ठेवले तर संरक्षण १० लाखांना नाही, ५ लाखांनाच. पत्नीच्या एकटीच्या खात्याला मात्र स्वतंत्र ५ लाख मिळतात. यात व्याजही मोजले जाते, म्हणून पूर्ण ५ लाख ठेवणे चुकीचे. ५ वर्षांच्या पुनर्गुंतवणूक ठेवीत (व्याज मुदलातच जमा होणाऱ्या) साडेसहा टक्क्यांनी ३.५ लाखांचे साधारण ४.८३ लाख होतात. म्हणजे अशा ठेवीसाठी एका सहकारी बँकेत ३.५ लाख ही योग्य कमाल.

एकच मोठी ठेव करू नका. ९ लाखांच्या ३-३ लाखांच्या तीन ठेवी केल्या की दवाखान्यासाठी एक मोडली तरी बाकीच्या दोनांचे व्याज शाबूत राहते.

पोस्टाच्या योजनांना केंद्र सरकारची हमी आहे. मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर ९ लाख, संयुक्त खात्यात १५ लाख ठेवता येतात. २०२५ मध्ये तिचा दर ७.४ टक्के होता, म्हणजे १५ लाखांवर महिन्याला ९,२५०. घरात साठी ओलांडलेली व्यक्ती असेल आणि वाटा तिच्या नावावर असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना सगळ्यात चांगली: कमाल ३० लाख, दर २०२५ मध्ये ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. त्या दराने पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० मिळतात. नव्या खात्यांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवते, पण खाते उघडताना मिळालेला दर पूर्ण ५ वर्षे कायम राहतो.

कर्ज आधी, पण कोणते?

‘पैसा आला की सगळी कर्जे फेडून टाकायची’ हे अर्धेच बरोबर आहे. सावकाराचे शेकडा ३ रुपये म्हणजे वर्षाला ३६ टक्के. २ लाखांवर वर्षाला ७२ हजार जातात. तेच २ लाख बँकेत ठेवले तर साडेसहा टक्क्यांनी १३ हजार मिळतात. एवढा फायदा देणारी दुसरी गुंतवणूक नाही, म्हणून हे कर्ज पहिल्या आठवड्यातच फेडा. फेडताना पैसे बँकेतून द्या, सावकाराकडचा कोरा चेक, बॉण्ड आणि गहाणखत परत घ्या आणि पूर्ण फेडीची पावती लिहून घ्या. कागद त्याच्याकडे राहिला तर पाच वर्षांनी तेच कर्ज पुन्हा उभे राहते.

त्यानंतर मायक्रोफायनान्स, मग फायनान्सवर घेतलेली गाडी, मग सोनेतारण. घरकर्ज बदलत्या दराचे असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही, पण त्याचा दर कमी असतो, त्यामुळे ते रांगेत शेवटी. आणि पीकेपीएसचे (गावच्या कृषी पत सोसायटीचे) बिनव्याजी पीक कर्ज? कर्नाटकात २०२३ पासून ५ लाखांपर्यंतचे अल्पमुदत पीक कर्ज वेळेवर फेडले तर व्याज शून्य आहे. हे मुदतीआधी फेडण्यात काहीच फायदा नाही. मुदत मात्र एक दिवसही चुकवू नका, चुकली की सवलत जाते. जमीन गेल्यामुळे उताऱ्यावरचा बोजा काढणे आवश्यक असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी आधी बोला.

एक हिशेब मांडून

समजा बहिणींचे वाटे देऊन एका घराच्या वाट्याला ४० लाख आले. गेलेली जमीन खर्च वजा जाता वर्षाला लाखभर देत होती. सावकार आणि सोनेतारण मिळून साडेतीन लाखांचे कर्ज आहे. मग साडेतीन लाख कर्जाला. अडीच लाख दवाखाना आणि अडीअडचणीला, बचत खात्यात आणि छोट्या ठेवींत. १५ लाख नवरा-बायकोच्या संयुक्त मासिक उत्पन्न योजनेत, त्यातून वर्षाला १ लाख ११ हजार येतील, म्हणजे जमिनीची जागा भरली. ९ लाख तीन बँकांत ३-३ लाखांच्या पुनर्गुंतवणूक ठेवींत, त्यांना हात लावायचा नाही. ६ लाख, ७ वर्षे तरी लागणार नसतील तरच, निर्देशांकाशी जोडलेल्या म्युच्युअल फंडात, एकदम न घालता महिन्याला ५० हजार असे १२ महिने. उरलेले ४ लाख घरदुरुस्ती किंवा लग्नाला.

९ आणि ६ लाख न खाता का ठेवायचे? महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. मासिक ९,२५० आज पुरतील, १२ वर्षांनी त्यात निम्माच बाजार येईल. जमिनीतल्या उसाचा दर महागाईबरोबर कमी-अधिक वाढतो, ठेवीचे व्याज वाढत नाही. आलेले सगळे व्याज खाऊन टाकणारे घर पहिली पाच वर्षे सुखी दिसते आणि नंतर ठेव मोडू लागते. आपल्या भागातली बरीच भरपाई अशीच संपली आहे, उधळपट्टी न करतासुद्धा.

पुन्हा जमीन किंवा प्लॉट घेताना

शेती करणारे हात घरात असतील तर जमिनीच्या बदल्यात जमीन हा चांगला निर्णय आहे. पण भरपाई वाटल्याची बातमी पसरली की त्या परिसरात दर वाढवून सांगितले जातात. म्हणून सहा महिने थांबा आणि वीस-पंचवीस किलोमीटर पलीकडेही बघा.

कागद बघताना उताऱ्याचा ९ वा रकाना (मालकाचे नाव) आणि ११ वा रकाना (बोजा, इतर हक्क) नीट तपासा. ईसी (जमिनीवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) किमान ३० वर्षांची काढा. १ एप्रिल २००४ नंतरची संगणकावर मिळते, त्याआधीची उपनोंदणी कार्यालयात अर्ज करून काढावी लागते, आणि इथेच लोक कंटाळून सोडून देतात. सर्व्हे नंबरचा एक तुकडाच घेत असाल तर ११ई नकाशा (त्या तुकड्याचा मोजणी नकाशा) आणि पोडी (सर्व्हे नंबरची फोड) झालेली हवी. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारने मंजूर केलेली जमीन सरकारच्या परवानगीशिवाय घेतली तर १९७८ च्या राज्य कायद्याने ती काढून घेतली जाते आणि पैसे परत मिळत नाहीत. मूळ मंजुरी कोणाच्या नावे होती ते पाहायचे ते यासाठीच. घेतोय ती जमीन पुढच्या एखाद्या अधिसूचनेत आहे का, हेही प्रांत कार्यालयात आणि बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) आराखड्यात बघा.

शहराजवळचे बॉण्डवरचे गुंठा प्लॉट टाळा. १०० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावराचे खरेदीपत्र नोंदणीकृत असावेच लागते. बॉण्डवर मालकी येत नाही, उतारा मूळ मालकाच्याच नावावर राहतो आणि तोच गुंठा दुसऱ्यालाही विकला जाऊ शकतो. एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर लेआउट आणि पंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे (पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे) नमुना ९ व ११ असल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

व्यवहार पूर्ण बँकेतून करा. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. खरेदीपत्रात निम्मी किंमत दाखवून निम्मी रोख देण्याची सवय आपल्याच गावांना भोवते. भरपाई ठरवताना आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीपत्रांपैकी जास्त किमतीच्या निम्म्यांची सरासरी बघतात. गावातली सगळी खरेदीपत्रे कमी दराची असली की जमीन जाताना दरही कमीच धरला जातो.

सोने, लग्न, पॉलिसी

सोने घ्या, पण गुंतवणूक म्हणून दागिने घेऊ नका. ५ लाखांच्या सोन्यावर १२ टक्के मजुरी धरली तर ६० हजार, वर ३ टक्के जीएसटी १६,८००. म्हणजे पेढीतून बाहेर पडताच ७६,८०० गेले. हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक असलेलेच घ्या. लग्नाचा आकडा पैसे यायच्या आधी ठरवा, नंतर ठरवलेला आकडा नेहमी मोठाच असतो.

खात्यावर मोठी रक्कम दिसली की बँकेतूनच पॉलिसीसाठी फोन येतो. ‘ठेवीसारखेच आहे’ असे सांगून वर्षाला १ लाख हप्त्याची १० वर्षांची पॉलिसी गळ्यात पडते. दुसऱ्या वर्षी हप्ता चुकला की पहिल्या हप्त्यातला बराच भाग बुडू शकतो. सही झालीच असेल तर पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. ओटीपी मागणारे किंवा अटकेची भीती घालणारे फोनही याच काळात वाढतात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करा.

नातेवाइकांना उसने द्यायचे तर बँकेतून द्या आणि प्रॉमिसरी नोट घ्या. तीन वर्षांत वसूल झाले नाहीत तर दावा करायचा हक्क जातो, म्हणून मुदत संपायच्या आत लेखी कबुली घेत राहा. प्रत्येक ठेवीवर वारसनोंद (नॉमिनी) करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नावांपर्यंत देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येते. हे नाव फक्त पैसे स्वीकारण्यापुरते आहे. मालकी कायदेशीर वारसांचीच राहते, ती बदलायची असेल तर मृत्युपत्र हवे.

निवाडा, उतारा, पावत्या आणि हरकतीची प्रत एका फाईलमध्ये निदान दहा वर्षे ठेवा. २०१३ च्या कायद्यात त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला न्यायासनाने वाढीव दर दिला तर दाद न मागितलेल्यांनाही तोच दर मागता येतो, पण त्या निकालापासून ३ महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. शेजाऱ्याच्या प्रकरणाची तारीख आणि त्याच्या वकिलाचे नाव फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी चौकशी करा.